फुलसावंगीचें आकाश

वऱ्हाडांत जन्म काढलेल्या माणसासहि यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाचीं गांवें क्वचितच ठाऊक असतात. आपली वाट ठरलेली असते. नागपुराहून वर्धा, देवळी, कळंब. कळंबास जमिनीखालीं उतरून चिंतामणीचें दर्शन घ्यावें, यवतमाळास कोणा आप्ताकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशीं आर्णीवरून माहूर गांठावें. रेणुकामाता ही आपल्यांतील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी. तेव्हां वर्षां-दोन वर्षांनीं ही यात्रा घडतेच. परंतु माहूरचा फांटा सोडून जो महामार्ग महागांव-उमरखेडकडे पुढें जातो, त्यानें जाणारे आपल्यापैकीं थोडे. मी त्या वाटेनें गेलों, तें कोणा देवाच्या दर्शनास नव्हे. महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें एक मोठें गांव आहे; तें मला पाहावयाचें होतें.

ऑक्टोबर महिना होता. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते. सोयाबीन निघून गेलेलीं काळीं शेतें उघडीं पडलीं होतीं, त्यांच्या शेजारीं तुरीच्या हिरव्या ओळी उभ्या होत्या आणि कपाशीचीं बोंडें नुकतींच फुटूं लागलीं होतीं. पहिल्या वेंचणीच्या वेळीं सीतादहीचा विधि करण्याची चाल या बाजूस आहे; दहीभाताचा नैवेद्य मातीस दाखवावा आणि मगच ओटींत कापूस घ्यावा. डोंगर बुटके, त्यांच्या माथ्यावर सागाचें रान. दृष्टि अडेल असें कांहीं नाहीं. यामुळें या प्रदेशांत आकाश फार मोठें दिसतें. ऊन तापलें म्हणजे जमिनीवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेवर घारी पंख न हालवितां चक्राकार चढत जातात. खालीं निंदणी-वेंचणी करणाऱ्या माणसांनीं हा देखावा हजारों वर्षें पाहिला असेल. वर पाहून पुन्हां खालीं मान घालावयाची, एवढाच बहुतेकांचा त्या देखाव्याशीं संबंध.

या जिल्ह्याचें आणि यंत्राचें नातें जुनें, पण संथ आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी 'शकुंतला' नांवाची अरुंद रुळांची आगगाडी आपल्यांतील वडीलधाऱ्यांनीं पाहिलेली आहे. गोऱ्या कंपनीनें ती कापूस वाहून नेण्यासाठीं घातली. १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडलेलें तिचें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत ती ओढीत होतें, आणि चढावर तिच्यांतून उतरून शेजारून चालतां येई, असें लोक कौतुकानें सांगत. सत्तर वर्षें एकच एंजिन वापरणाऱ्या या जिल्ह्यांत यंत्र म्हणजे दुरुस्त करून चालवावयाची वस्तु, अशीच समजूत रुजली असल्यास नवल नाहीं. मोटारीचा पंप असो, पिठाची गिरणी असो, मोडलें तें गांवांतच जोडावयाचें. आणि जोडणारा कारागीर बहुधा शाळा लवकर सुटलेला, परंतु हाताचा पक्का.

फुलसावंगीस असा एक तरुण होता. त्याचें नांव शेख इस्माईल शेख इब्राहीम. गांवांत त्यास मुन्ना म्हणत. शाळा आठवींत सुटली. पत्रा कापणें, लोखंड जोडणें, कपाटें व कूलर तयार करणें हें त्याचें काम. त्या कामांतून हाताशीं आलेल्या विद्येवर, आणि मोबाइलच्या पडद्यावर यूट्यूबच्या चित्रफिती पाहून मिळविलेल्या ज्ञानावर, त्यानें दोन वर्षें खपून एक माणूस बसेल एवढें हेलिकॉप्टर बांधलें. त्यास एंजिन लाविलें तें मारुति ८०० मोटारीचें. यंत्रास नांव दिलें तें आपलेंच: 'मुन्ना हेलिकॉप्टर'. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीं, स्वातंत्र्यदिन पांच दिवसांवर आला असतां, त्यानें तें चालवून पाहिलें. तो स्वतः आसनावर बसला होता. पातीं गरगर फिरूं लागलीं, आणि इतक्यांत शेपटाच्या पंख्याचें पातें तुटलें. तें वरच्या मोठ्या पात्यावर आदळलें आणि मोठें पातें मोडून त्याच्यावर आलें. तो वांचला नाहीं. वय अवघें २४ वर्षें.

त्या प्रसंगाची चित्रफीत त्या वेळीं घरोघर फिरली. मीं ती एकदां पाहिली. पुन्हां पाहणार नाहीं. आपल्या घरांतूनहि त्या दिवसांत चर्चा झाली असेल. आमच्या घरीं रात्रीच्या जेवणाच्या पंगतींत ती झाली. एकाचें म्हणणें पडलें कीं, शिक्षणावांचून असलीं धाडसें करूं नयेत. दुसऱ्यानें सांगितलें कीं, हाच मुलगा परदेशांत जन्मता तर त्याचा पुतळा उभा राहिला असता. ताटें उचललीं गेलीं तेव्हां दोन्ही पक्ष समाधानांत होते, आणि तें यंत्र नेमकें कां मोडलें हें मात्र कोणीं विचारलें नव्हतें. फुलसावंगीस जाऊन मीं त्याच्या घरचें दार ठोठावलें नाहीं. परक्या माणसानें तेथें जाऊन विचारावें असें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. गांवच्या रस्त्यानें चालून आलों, तेथील आकाश पाहिलें, आणि जें सुचलें तें लिहीत आहें.

प्रथम त्या यंत्राचें मर्म पाहूं. कुंभाराच्या चाकावर उभें राहून कोणीं हातांतील जड काठी एका दिशेनें फिरवूं लागावें, तर पायांखालचें चाक उलट दिशेस फिरूं लागेल. हेलिकॉप्टरचेंहि तसेंच. डोक्यावरचीं मोठीं पातीं एका अंगास फिरूं लागलीं म्हणजे खालचें धूड दुसऱ्या अंगास फिरूं पाहतें. तें आवरण्यासाठीं शेपटास एक लहान पंखा उभा लावितात. तो बाजूस हवा फेंकून धूड जागच्या जागीं धरून ठेवतो. दिसावयास तो किरकोळ, पण मोठ्या पात्यांहून पुष्कळच अधिक वेगानें फिरणारा. आणि खरा धोका असतो तो या फिरण्यांत.

आपल्याकडे जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा राहून राखणदार गोफण फिरवितो. धोंडा पावशेराचाच असतो, परंतु दोरी हातास किती ओढ देते हें ज्यानें एकदां गोफण धरली त्यास सांगावें लागत नाहीं. आतां हिशेब करून पाहा. किलोभर वजन मध्यापासून एक मीटर अंतरावर बांधून मिनिटाला ६०० फेरे या वेगानें फिरविलें, तर तें सुमारें ४०० किलोंच्या जोरानें बाहेर ओढतें. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. म्हणजे पात्याच्या मुळाशीं जो जोड असेल, त्यानें एवढा भार दर क्षणीं सोसावयाचा. शिवाय पातें थरथरतें, वांकतें, पुन्हां सरळ होतें, आणि प्रत्येक थरथरीबरोबर धातूमध्यें डोळ्यांस न दिसणारी भेग वाढत जाते. कपाटाचा जोड असा कधींच ताणला जात नाहीं. कपाटाच्या जोडाची परीक्षा तो दिसतो कसा आणि धरतो कसा यानें होते. पात्याच्या जोडाची परीक्षा फिरवूनच होते. म्हणून ज्यांचा हा धंदा आहे ते लोक नवीं पातीं प्रथम रिकाम्या आसनानिशीं, भिंतीआडून, तासन् तास फिरवून पाहतात. इगोर सिकोर्स्कीनें १९३९ च्या सप्टेंबरांत आपलें हेलिकॉप्टर पहिल्यानें उचललें, तेव्हां तें दोरांनीं जमिनीशीं बांधलेलें होतें.

हें सर्व शहाणपण कोणास जन्मतः सुचलेलें नाहीं. प्रत्येक वाक्याच्या मागें कोणाचा ना कोणाचा जीव गेलेला आहे.

तारखांचा एक योगायोग येथें सांगण्याजोगा आहे. जर्मनीमधील एंजिनियर ओटो लिलिएंटाल हा ९ ऑगस्ट १८९६ रोजीं टेंकडीवरून उड्डाण करीत असतां वाऱ्याच्या झोंक्यांत सांपडून पडला, आणि १० ऑगस्टला बर्लिन येथें वारला. फुलसावंगीच्या त्या रात्रीस त्या मृत्यूला बरोबर १२५ वर्षें झालीं होतीं. लिलिएंटालनें करकोच्यांचें उड्डाण वर्षानुवर्षें पाहिलें, १८८९ सालीं पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलें, आणि विलोच्या कामट्या व कापड यांचे पंख करून त्यांच्या बळावर सुमारें दोन हजार वेळां टेंकडीवरून हवेंत झेंप घेतली. झेंपांचीं छायाचित्रें काढविलीं. कोणत्या कोनांत धरलेला पंख किती भार उचलतो याचीं कोष्टकें छापून प्रसिद्ध केलीं. तो मेला, परंतु कोष्टकें राहिलीं.

त्यांस सांभाळणारा एक मनुष्य अमेरिकेंत होता. ऑक्टाव्ह शानूट हा आगगाडीचे पूल बांधणारा नामांकित एंजिनियर. साठीला आल्यावर त्यास विमानाचा छंद लागला. स्वतः उडावें असें त्याचें वय नव्हतें, म्हणून त्यानें दुसरें काम पत्करिलें. जगांत कोणीं कोणीं उडण्याचा प्रयत्न केला, कशानें केला आणि तो कां फसला, हें सर्व गोळा करून त्यानें १८९४ सालीं एक ग्रंथ छापिला. तो ग्रंथ म्हणजे बहुतांशीं अपयशांची वही होय. यशाचें असें त्यांत लिहिण्याजोगें त्या वेळीं फारसें नव्हतेंच! विमानाच्या इतिहासाचा पहिला मोठा छांदिष्ट मी यालाच म्हणेन. आणि त्या छंदाचें फळ काय मिळालें तेंहि पाहण्यासारखें आहे.

डेटन गांवच्या दोन सायकलवाल्या भावांनीं लिलिएंटालच्या मृत्यूची बातमी वाचली. विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. हायस्कूलचा दाखला दोघांपाशींहि नव्हता. १८९९ च्या मे महिन्यांत विल्बरनें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस एक पत्र लिहिलें: उडण्याविषयीं जें कांहीं छापलेलें असेल तें मला वाचावयास हवें. संस्थेनें पत्र टोपलींत टाकलें नाहीं. कांहीं पत्रकें धाडलीं आणि पुस्तकांची यादी दिली. त्या यादींत शानूटचा ग्रंथ होता. पुढच्या वर्षीं विल्बरनें शानूटला लिहिलें, आणि त्या दोघांमध्यें दहा वर्षें शेंकडों पत्रें गेलीं-आलीं. कोष्टकांप्रमाणें बांधलेले पंख पुरेसा भार उचलीनात, तेव्हां १९०१ मध्यें या भावांनीं सहा फूट लांबीची लांकडी पेटी करून तींत पंख्यानें वारा सोडला आणि करवतीचीं जुनीं पातीं व सायकलच्या आऱ्यांची तार यांचा तराजू करून सुमारें दोनशें लहान पंख पारखून पाहिले. शंभर वर्षांहून अधिक काळ सर्वांनीं डोळे मिटून घेतलेला हवेच्या दाबाचा एक गुणकच चुकीचा आहे, हें त्यांतून त्यांच्या ध्यानांत आलें. करवतीचें पातें आणि सायकलचा आरा! या दोन्ही वस्तु महागांवच्या कोणत्याहि दुकानांत मिळतील. १९०३ सालीं त्यांच्या दुकानांतील चार्ल्स टेलर या कारागिरानें सहा आठवड्यांत एंजिन घडविलें, आणि त्या वर्षीं १७ डिसेंबरला तें यंत्र प्रथम १२ सेकंद आणि अखेरीस ५९ सेकंद हवेंत राहिलें.

म्हणजे शाळा न संपविलेला कारागीर हा विमानविद्येस परका नव्हे. तो तिचा जनकच आहे. फुलसावंगीचा तरुण आणि डेटनचे भाऊ यांच्यांत जो भेद होता, तो मला हातांचा किंवा बुद्धीचा वाटत नाहीं. भावांच्या पत्रास उत्तर आलें होतें.

राईट बंधूंच्या हातूनहि अपघात झालाच. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं फोर्ट मायर येथें सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर ऑर्व्हिल विमान चालवीत होता. शेजारीं लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा तरुण बसला होता. पंख्याचें पातें चिरलें, थरथरूं लागलें, आणि त्यानें शेपटाच्या सुकाणूची तार तोडली. विमान नाकावर कोसळलें. सेल्फ्रिजच्या कवटीस मार लागून तो त्याच दिवशीं मरण पावला. एंजिनाच्या विमानांत जीव गमावणारा तो पहिला मनुष्य. फुलसावंगीच्या प्रसंगाशीं यांतील साम्य अंगावर कांटा आणणारें आहे. परंतु पुढचें पाहा. ऑर्व्हिलची मांडी व बरगड्या मोडल्या होत्या. त्याची बहीण कॅथरीन शाळेंत लॅटिन शिकवीत असे. तार पोंचतांच ती शिकविणें टाकून निघाली आणि आठवडेच्या आठवडे रुग्णालयांत त्याच्या उशाशीं बसून राहिली. इकडे मोडलेल्या पात्यांचे तुकडे तपासले गेले, चिरेचें कारण शोधलें गेलें, पातीं नव्या रीतीनें घडविलीं गेलीं, आणि दुसऱ्या वर्षींच्या जुलैंत त्याच मैदानावर ऑर्व्हिलनें उरलेली परीक्षा पुरी केली. पुढें वैमानिक डोक्यास जाड शिरस्त्राण घालूं लागले. एका मृत्यूचा जमाखर्च वहींत लिहिला गेला आणि त्यावर पुढच्यांचे प्राण वांचले. या कुटुंबांत दोघे भाऊ यंत्र बांधीत होते, बहीण त्यांचें घर आणि मन सांभाळीत होती, आणि वडिलांनीं मुलांचें वेड म्हणून कधीं त्यांचा उपहास केला नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणांस यांतील मोल निराळें सांगावयास नको.

आतां आपल्या घरांकडे वळूं. विमानाचा विषय निघाला कीं आपल्याकडे एक गोष्ट हटकून सांगितली जाते. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईच्या पाठारे प्रभु गृहस्थानें १८९५ सालीं चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, म्हणजे राईटांच्या आठ वर्षें आधीं. ते पंधराशें फूट उंच गेलें. मग सरकारनें किंवा दैवानें तें दडपलें. तळपदे हे खरोखर होऊन गेले, १८६४ ते १९१६ हा त्यांचा काळ, आणि त्यांस या विषयाचा ध्यास होता यांत शंका नाहीं. परंतु त्या उड्डाणाचें एकहि माप, एकहि नकाशा, यंत्राचा एकहि तुकडा आज पुढें ठेवतां येत नाहीं. ज्या वैमानिक शास्त्राचा या गोष्टीशीं संबंध जोडितात, तो ग्रंथ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं बारकाईनें तपासला. तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे आणि त्यांतील विमानें उडण्यासारखीं नाहींत, असा निर्णय त्यांनीं कारणांसह दिला. तळपद्यांची थट्टा करण्याची मला मुळींच इच्छा नाहीं. पत्राच्या उत्तराविना राहिलेला तोहि एक फुलसावंगीकरच असावा असें मला वाटतें. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, आपण त्यांच्याविषयीं जें सांभाळिलें तें कौतुक सांभाळिलें. काम सांभाळिलें असतें, तर त्यांचें यंत्र उडलें नसलें तरी कां उडलें नाहीं हें आज एखाद्या मुलास वाचावयास मिळालें असतें. सांजवेळीं ओसरीवर बसून नातवंडांस पुष्पक विमानाची कथा सांगावी; ती रामायणाची कथा आहे आणि गोड आहे. पण नातवंडानें उद्यां पत्र्याचें पातें कापावयास घेतलें, तर त्याच्या उपयोगास ती कथा येत नाहीं; लिलिएंटालचीं कोष्टकें येतात.

खरोखर सांभाळणारे आपल्याकडे नाहींत असें मात्र नव्हे. अलाहाबादेस १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें यमुना ओलांडून नैनीस पोंचविलीं. विमानाच्या सरकारी टपालाचा तो जगांतील पहिला दिवस, आणि त्या पत्रांचीं पाकिटें जपून ठेवणारे टिकिटशौकी आजहि त्यांच्या शिक्क्यांवर तासच्या तास बोलतात. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणिलें. पन्नास वर्षांनीं त्याच तारखेस, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं जुन्या लेपर्ड मॉथ विमानांतून तीच वाट पुन्हां एकट्यानें उडून दाखविली. २०२१ च्या त्याच तारखेस मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीनें लहानशा विमानानें भूजहून अहमदाबाद आणि तेथून जुहू असा तो प्रवास पुन्हां केला; फुलसावंगीच्या घटनेस तेव्हां दोन महिने झाले होते. १९४७ सालीं श्रीनगरास पहिलें सैन्य उतरविणाऱ्या डाकोटा जातीचें एक जुनें विमान दुरुस्त होऊन २०१८ मध्यें हवाई दलाच्या हवालीं झालें आणि तें उडतेंहि. हे सोहळे पाहून मन भरून येतें, हें मी नाकारीत नाहीं.

पण या सर्वांहून मला अधिक मोलाचें वाटतें तें अमेरिकेंतील एका मंडळाचें साधें काम. १९५३ सालीं विस्कॉन्सिनमध्यें पॉल पोबेरेझ्नी यानें घरीं विमानें बांधणाऱ्यांचा एक संघ काढला. त्या संघांत अनुभवी मंडळींनीं नवशिक्याच्या घरीं जावें, अर्धवट झालेलें यंत्र पाहावें आणि हा जोड टिकणार नाहीं, येथें भेग आहे, हें आज चालवूं नका, असें स्पष्ट सांगावें, अशी वहिवाट आहे. दक्षिणा कांहीं नाहीं. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेस शेजारी जसा सहज येतो, तसा तेथें हा सल्लागार येतो.

आपल्या देशांत घरीं विमान बांधण्याची वाट किती खडतर आहे, हें अमोल यादव यांच्या उदाहरणानें दिसतें. ते स्वतः शिकलेले वैमानिक. मुंबईंत कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ मध्यें त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळाली तेव्हां २०१९ साल उजाडलें होतें. ज्यास विमान चालविण्याचा परवाना आहे, इंग्रजी अर्ज लिहितां येतात, मोठ्या माणसांपर्यंत पोंचतां येतें, त्याची ही कथा. फुलसावंगीच्या वेल्डरनें कोणत्या खिडकीशीं उभें राहावयाचें होतें?

ज्ञान या मुलाच्या गांवापासून फार दूर होतें असेंहि नाहीं. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीच्या टपालविमानांची योजना सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनीं निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास सोनेगांवच्या धांवपट्टीवर एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरीं परतत. मुंबईहून नागपुरास नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळून जाते. नागपुरास हवाई दलाच्या देखभाल विभागाचें मुख्य ठाणें आहे. विमानाच्या धातूंतील भेगा शोधणें हेंच तेथील लोकांचें नित्यकर्म. यवतमाळजवळ भारी येथें धांवपट्टी आहे; २००९ मध्यें ती राज्यांतील आणखी चार धांवपट्ट्यांबरोबर एका खासगी कंपनीस भाडेपट्ट्यानें देण्यांत आली. पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथें धातूचा ताण शिकवितात, पातें कसें थकतें तेंहि शिकवितात. परीक्षेंत त्यावर प्रश्न येतात.

हें मी कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. महाविद्यालयांतील अध्यापकानें खेड्यांतील प्रत्येक दुकानांत डोकवावें असा कायदा नाहीं, आणि दोन वर्षें रात्रीं जागून काम करणाऱ्या तरुणासहि कोणापाशीं जाऊन आपलें गुपित उघडें करण्याचा संकोच वाटत असेल. आपल्या लोकांनीं हसूं नये, आणि परक्यांनीं अडवूं नये, या दोन भयांमध्यें असे तरुण काम करितात. परंतु ज्या घरांत हें मासिक जातें, त्या घरांपैकीं पुष्कळांतून एक तरी मुलगा किंवा सून एंजिनियर आहे. एखाद्याचा पुतण्या हवाई दलांत आहे. एखाद्याचे काका निवृत्त होऊन गुलबक्षीच्या वाफ्यांस पाणी घालीत आहेत. त्यांच्यापाशीं जें आहे तें गांवच्या कारागिरास ठाऊक नाहीं, आणि गांवच्या कारागिरापाशीं जो हात आहे तो यांच्यापाशीं नाहीं. एका पोस्टकार्डानें हीं दोन माणसें जोडलीं जाऊं शकतात, हें राईटांच्या कथेंत आपण पाहिलें.

फुलसावंगीहून निघून मी संध्याकाळीं माहूरला आलों, कारण इतकें जवळ येऊन रेणुकेचें दर्शन न घेतां परत गेलों असें घरीं सांगणें मला शक्य नव्हतें. गडावरून पैनगंगेचें खोरें दिसत होतें. दिवस मावळतांना घारी खालीं उतरूं लागल्या होत्या.

तेथें बसून वाटलें तें पुसदच्या अध्यापकांस विनंति म्हणून लिहून ठेवतों. त्या यंत्राविषयीं जें कांहीं अजून मिळण्यासारखें असेल, तें कोणा जाणत्यानें त्याच्या आप्तांची संमति घेऊन नीट टिपून घ्यावें: पातीं कोणत्या धातूचीं होतीं, त्यांची लांबी व वजन किती, मुळाशीं जोड कसा होता, शेपटाच्या पंख्यास गति कशानें दिली होती, आणि तुटलें तें मुळाशीं तुटलें कीं मध्यें. चार पानांचें काम आहे. तें मराठींत लिहावें आणि सोपें लिहावें, म्हणजे जिल्ह्यांतील दुसऱ्या एखाद्या दुकानांत पत्रा कापावयास बसलेल्या मुलाच्या हातीं तें पडेल. पुसदहून फुलसावंगी सकाळीं निघून संध्याकाळीं परत येण्याइतकें जवळ आहे.